अमृता बहरली!

बागेतलं मला सगळं कळतं! निदान गेल्या बहरापर्यंत मी हे वाक्य छाती पुढे काढून म्हणत असे, आणि ऐकणाऱ्याला पळायला जागा नसेल तर दोनदा म्हणत असे.

त्याआधी माझीही बाग चारचौघांसारखीच होती. थंड हवेतून आणलेली नाजूक रोपं, त्यांच्यावर सावलीची जाळी, सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि उन्हाळा तापला की ओळीने माना टाकलेल्या कुंड्या! दरवर्षी मी रोपं आणायचो आणि दरवर्षी ऊन ती घेऊन जायचं. मग एकदा माझ्याकडे प्रूफं तपासायला उष्ण हवेतल्या देशी फुलझाडांची एक पुस्तिका आली. मी प्रूफं तपासतो. छापखान्यातून गठ्ठा घरी येतो आणि माझ्या नजरेतून साधी वेलांटी सुटत नाही. ही बढाई नाही, माहिती आहे.

त्या पुस्तिकेत ऱ्हस्व-दीर्घाचा नुसता धुमाकूळ होता, पण मजकूर थेट काळजात घुसला. जी झुडपं इथल्याच मातीत, इथल्याच उन्हात, कोणी विचारत नसतानाही वाढतात तीच लावा! पाणी कमी, खत नको, लाड तर मुळीच नकोत!

"म्हणजे माझ्यासारखी," बायको म्हणाली.

बायको दातांची डॉक्टर आहे. घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना, बाहेर व्हरांडा, व्हरांड्यात पेशंटसाठी लांब बाक आणि बाकासमोर कठड्यापलीकडे बाग. मी व्हरांड्याच्याच कोपऱ्यात टेबल टाकून प्रूफं तपासतो आणि पेशंटना आत सोडायचं कामही मीच करतो. त्यामुळे ती मला कधी "अहो!" अशी हाक मारते, तर कधी नुसतं "पुढचा!"

"काय लावायचं ते लावा," ती म्हणाली, "फक्त माझ्या पेशंटना बरं वाटलं पाहिजे. आधीच बिचारे जीव मुठीत धरून बसलेले असतात."

"त्यांचं दुखणं विसरतील ते! बघच तू!" मी म्हणालो. या बाबतीत मी खोटा ठरलो नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

कुंपणाला धायटी लावली. पायवाटेला कोरांटी लावली. आणि मानाची जागा, म्हणजे बाकाच्या बरोबर समोर, कठड्याला खेटून, तिथे लावली अमृता! एक नव्हे, तीन झुडपं! रोपवाटिकेच्या मालकानेच ती पुढे केली होती. "अस्सल देशी आहे साहेब. बहरली की माणूस जन्मात विसरत नाही!" रोपाला बांधलेल्या पाटीवर 'अमृता' असं ठळक लिहिलं होतं. पाटीवरचं शुद्धलेखन अचूक होतं. मी निर्धास्त झालो.

आता एक गोष्ट मधेच सांगायला हवी. रोपं लावायच्या थोडं आधी मला सणसणून ताप आला होता. ताप गेला, पण जाताना माझा वास घेऊन गेला. नाक जागेवर आहे, चष्मा त्याच्यावरच टेकतो, पण त्याचा उपयोग तेवढाच! बायकोला हे ठाऊक होतं. बाहेर मी ब्र काढला नाही. गल्लीभर फुलझाडांवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाला फुलाचा वासच येत नाही, हे कसं दिसेल? म्हणून फूल दिसलं की मी वाकायचो, डोळे मिटायचो आणि छाती भरून "वा!" म्हणायचो. हा "वा" मी इतका घोटला होता की बघणाऱ्यालाही आपलं नाक चोंदलंय की काय अशी शंका यावी!

तर अमृता वाढली. पुरुषभर उंच झाली. आणि एका दमट सकाळी बघतो तो काय, तिन्ही झुडपं फिकट पिवळ्या फुलांच्या झुबक्यांनी लगडलेली! मी वाकलो, डोळे मिटले, "वा!" म्हणालो. फुलांवर माश्यांचे थवेच्या थवे घोंघावत होते. पुस्तिकेतलं परागीभवनाचं प्रकरण मला पाठ होतं. माझा ऊर भरून आला.

त्याच दिवसापासून दवाखान्यात गर्दी वाढली.

पहिले आले शेजारचे पोस्टमास्तर. निवृत्त होऊन काळ लोटला तरी माणूस अजून शिक्का मारल्यासारखा बोलतो. त्या दिवशी मात्र तोंडावर रुमाल धरून माझ्या कानाशी लागले.

"जरा खासगी आहे. बाईंना सांगा, तोंडाला... म्हणजे आपल्या... वास येतोय."

"कधीपासून?"

"आत्तापासून! तुमच्या बाकावर सहज टेकलो होतो पेपर वाचायला. श्वास घेतला आणि हादरलोच! हा वास माझा?"

त्यांच्या मागून कोपऱ्यावरचे शिंपीदादा आणि वहिनी आले. वहिनींची दाढ भरायची होती, दादा नुसते सोबतीला होते. दोघं बाकावर बसले. थोड्या वेळाने वहिनी थोड्या सरकल्या. मग दादा थोडे सरकले. बघता बघता दोघं बाकाच्या दोन टोकांना पोचले आणि मधे एक आख्खं कुटुंब मावेल एवढी जागा झाली.

"अहो, तुम्ही सकाळी दात घासले होते ना?" वहिनी पदराआडून म्हणाल्या.

"मी? मी मघापासून तुझ्याकडे बघून गप्प बसलोय!"

"माझ्याकडे बघून?"

"तुझ्याकडे बघून नाही. तोंड फिरवून!"

शेवटी दोघांनीही आपापलं तोंड स्वतंत्रपणे तपासून घेतलं. एकमेकांशी एक अक्षर न बोलता, पण एकमेकांच्या दातांविषयी बायकोला सविस्तर माहिती देऊन!

पुढच्या काही दिवसांत जो येईल तो तोंडावर हात ठेवून. कोणाची दाढ दुखत नाही, कोणाला कवळी नको, सगळ्यांना एकच रोग! बायको आत हातमोजे चढवून, मास्क लावून, दिवसभर लवंगेच्या तेलाच्या वासात उभी. पेशंट गेला की बाहेर डोकावायची, कपाळाला आठ्या.

"अहो, काही कळत नाही. एखादा सोडला तर सगळ्यांचे दात चकचकीत, हिरड्या ठणठणीत, जीभ स्वच्छ. आणि तरी कधीकधी मला मास्कमधूनसुद्धा वास येतो!"

"म्हणजे साथ आहे," मी प्रूफावरून नजर न काढता म्हणालो.

"तोंडाच्या वासाची साथ कधी ऐकलीय?"

"प्रत्येक साथ कधी ना कधी पहिल्यांदाच येते!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी एका निर्दोष शब्दावर लाल शाई फिरवली. आमच्या धुणंभांडीवाल्या मावशी तर आठवडाभर नाकाला पदर बांधूनच येत होत्या. आम्हाला वाटलं, सर्दी असेल. त्यांना वाटलं, मोठ्या लोकांच्या घरचं आपण कशाला बोला.

पोस्टमास्तर मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी गुळण्या केल्या, जीभ खरवडली, मग घर ते दवाखाना अशा फेऱ्या मारून छडा लावला आणि निकाल माझ्या टेबलावर आपटला.

"घरी वास नाही! रस्त्यात वास नाही! तुमच्या बाकावर बसलं की वास! तेव्हा तोंड माझं असलं तरी वास तुमचा आहे!"

"माझा?"

"तुमच्या जागेचा! काहीतरी मेलंय इथे. तुम्हाला येत नाहीये का?"

हाच तो क्षण. "नाही हो, मला वासच येत नाही," एवढं म्हणालो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण समोर पोस्टमास्तर! त्यांना सांगितलं म्हणजे गल्लीत घरोघरी टपाल पोचलंच!

"येतोय ना!" मी नाक वर करून म्हणालो. "चांगलाच येतोय! मी तेच म्हणणार होतो."

गल्लीत बभ्रा व्हायला वेळ लागला नाही. त्या दवाखान्यात जाऊन आलं की तोंडाला वास लागतो! गर्दी जशी चढली तशीच उतरली. लोक आमच्या फाटकासमोरून जाताना रस्ता ओलांडायचे. बायको रिकाम्या खुर्चीचे लिव्हर खाली-वर करत बसायची. आणि नेमकी अशा वेळी शाळेची चिठ्ठी आली.

शाळेला मुलांचे दात दरवर्षी तपासायला एक कायमचा डॉक्टर हवा होता. बायकोच्या हे फार दिवसांपासून मनात होतं. "लहानपणीच दात पाहिले तर मोठेपणी माझ्या खुर्चीत रडायला येणार नाहीत," असं ती नेहमी म्हणायची. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्या गावाच्या मोठ्या बाई, स्वतः दवाखाना बघायला येणार होत्या. येताना आपला एक हलणारा दातही दाखवणार होत्या.

"अहो, त्या यायच्या आत हा वास घालवायचा," बायको म्हणाली. "मी इतकी वर्षं खपून हे उभं केलंय. कशानं हातातून चाललंय तेच कळत नाहीये."

मला फार वाईट वाटलं. नाक नसलं तरी मन आहे! मी ताबडतोब प्लंबरला बोलावलं.

प्लंबर उत्साही होता. त्याला फोडाफोडी मनापासून आवडायची. हातात घण घेऊन तो व्हरांड्यात उभा राहिला, एक श्वास घेतला आणि घण खाली ठेवून नाकाला फडकं बांधलं.

"जबरी आहे साहेब! आता फडक्यातून मला काही कळणार नाही. तुम्ही नाक लावा आणि बोट दाखवा. मी फोडतो!"

आली का पंचाईत! पोस्टमास्तर कठड्याला टेकून बघतायत, रस्त्यावर चार माणसं थांबलीयत, बायको दारात उभी आहे. मी पुढे झालो. गुडघ्यावर बसलो. फरशीला नाक लावलं, डोळे मिटले, हुं हुं केलं आणि ठामपणे एका फरशीवर बोट ठेवलं.

"इथे!"

धाड! फरशी फुटली. खाली माती.

"सरकलाय वास," मी म्हणालो. "आता इथे!"

धाड! खाली माती.

"अहो, नक्की येतोय ना तुम्हाला?" बायकोने दबक्या आवाजात विचारलं.

"तुझा विश्वास नाही माझ्यावर?"

"विश्वास आहे, पण तुमचं नाक..."

"शू! पोस्टमास्तर ऐकतायत!"

दुपारपर्यंत व्हरांड्याची जमीन चाळणीसारखी झाली. सांडपाण्याची वाहिनी उघडली, ती आरशासारखी स्वच्छ निघाली. पायरीखाली एक उंदीर खरोखरच सापडला, पण तो जिवंत होता आणि आमच्याआधी बाहेर पळाला. त्यालाही हवा मानवली नसावी. प्लंबर म्हणाला, "साहेब, आता फक्त भिंत राहिली!" तेव्हा बायकोने पुढे होऊन त्याच्या हातातला घण काढून घेतला.

मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्या होत्या. फोडलेल्या फरश्यांवर मी सतरंजी अंथरली. बायको आत स्वयंपाकघरात अवजारं उकळत होती. तिचा चेहरा पाहून मला राहवेना. काहीतरी करायला हवं! आणि एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुर्गंधावर उपाय काय? सुगंध! आणि सुगंधासाठी लांब कशाला जायचं? दारात एवढी अमृता बहरलीय ना!

मी कात्री घेतली आणि झुबकेच्या झुबके कापले. काही पानं हातात चुरगळली, तीही फेकली नाहीत. मोठ्यात मोठी फुलदाणी काढली, गच्च भरली आणि पेशंटच्या खुर्चीच्या उशाशी, अगदी डोक्याजवळ, नेऊन ठेवली. खिडक्या लावल्या. दार लावलं. वाया जायला नको म्हणून पंखासुद्धा बंद केला!

बाई आल्या. ताठ, उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले. व्हरांड्यात त्या क्षणभर थबकल्या, हळूच तळहात तोंडासमोर धरून त्यात श्वास सोडला आणि आत गेल्या. बायको मास्क सारखा करत त्यांच्या मागोमाग आत आली. त्या खुर्चीत बसल्या, मान मागे टेकली, आ केला. आता तुम्हीच विचार करा. माणसाचं तोंड डॉक्टरच्या ताब्यात, आरसा एका गालात, कापूस दुसऱ्या गालात. श्वास घ्यायचा कशाने? नाकाने! आणि नाकाशेजारी काय? माझी फुलदाणी!

बाईंचे डोळे हळूहळू मोठे झाले. हात खुर्चीवर आवळले गेले. मग त्यांनी असा काही आवाज काढला की बाहेर पोस्टमास्तर बाकावरून उठून उभे राहिले.

"दुखलं का बाई?" बायको घाबरून म्हणाली.

बाईंनी मान हलवली, कापूस थुंकला, मान वळवली आणि फुलदाणीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. चष्मा लावला, एक झुबका उचलला, उलटा केला, पानाची मागची बाजू पाहिली.

"हे कोणी ठेवलं?"

"मी!" मी पुढे सरसावलो. "अस्सल देशी! अमृता! आमच्याच बागेतली!"

"अमृता," बाई म्हणाल्या. आवाजात सगळी शाळा उभी राहिली. "मी मुख्याध्यापिका व्हायच्या आधी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. याला दुसरंही एक नाव आहे. ठाऊक आहे?"

"नाही."

"नरक्या!"

मी मनातल्या मनात पाटी पुन्हा वाचली.

"आणि काही ठिकाणी घाणेरा म्हणतात."

"पण पाटीवर अमृता लिहिलं होतं," मी पुटपुटलो. "शुद्धलेखनसुद्धा बरोबर होतं..."

"नावही बरोबरच आहे. औषधी आहे म्हणून अमृता. फुललं की कळतं नरक्या का म्हणतात ते!" बाईंनी रुमाल काढला. "आधी खिडक्या उघडा!"

खिडक्या उघडल्या. बायकोने मास्क खाली केला, लांब श्वास घेतला आणि भिंतीला धरून उभी राहिली. मग अगदी शांतपणे, म्हणजे ज्या शांतपणे ती उपटायचा दात पकडते त्याच शांतपणे, मला विचारलं, "अहो, ही फुलं तुम्ही हुंगली होती?"

"हो."

"आणि?"

"वा म्हणालो."

बाहेर शिंपीदादा आणि वहिनी दाढेचा राहिलेला भाग भरून घ्यायला आलेले. त्यांनी दारातून सगळं ऐकलं. "म्हणजे माझा नव्हता!" "माझाही नव्हता!" असं म्हणत दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे तोंड करून बोलली. पोस्टमास्तरांनी तर दारातूनच जाहीर केलं, "यांना वासच येत नाही! काल दुपारपर्यंत फरश्या हुंगत होते, नाटकी!" संध्याकाळपर्यंत अपेक्षेप्रमाणे टपाल घरोघरी पोचलं.

मी मान खाली घालून कुऱ्हाड शोधायला निघालो, तर बाईंनी अडवलं.

"तोडायचं नाही हं! रानातून नाहीसं होत चाललंय हे. मुळांसकट काढा आणि शाळेत पाठवा."

"शाळेत? मुलं..."

"मुलांपासून लांब. आमच्या संस्थाचालकांच्या बैठकीची खोली आहे मागे. बैठका फार लांबतात." बाई जराशा हसल्या. "तिच्या खिडकीखाली जागा रिकामीच आहे."

मग त्या बायकोकडे वळल्या. "आणि डॉक्टर, एवढ्या वासात तुमचा हात तसूभर हलला नाही. आमची मुलं त्यापेक्षा काय वाईट असणार? पुढच्या महिन्यापासून या."

बायको एकदम खाली बसली. पेशंटच्या खुर्चीतच! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वासाने आलं की आनंदाने, ते मी विचारलं नाही. त्या घरात त्या दिवशी मला काहीही विचारायची सोय नव्हती.

झुडपं खणायला मी, प्लंबर आणि शिंपीदादा. दोघांच्या तोंडाला तिहेरी फडकी. मी मोकळ्या तोंडाने मधे, त्यामुळे मुळांकडची बाजू बिनविरोध माझ्याकडे आली. झुडपं हातगाडीवरून गेली तेव्हा लोक असे बाजूला झाले, जसे कोणा बड्या पाहुण्याच्या गाडीला होतात. शाळेत ती छान रुजली म्हणतात. बैठका आता वेळेत संपतात, असंही ऐकतो.

आमच्याकडे फरश्या नव्या बसल्या. झुडपांच्या जागी निरगुडी आली. ती बायकोने स्वतः हुंगून निवडली. मी फक्त रोप धरून उभा होतो. दवाखाना पुन्हा भरू लागला. ज्याचं दुखतं तो येतो, दाखवतो, जातो. तोंडावर हात ठेवून कोणी येत नाही.

कालच मी बायकोला म्हणालो, "झालं ना सगळं नीट? त्या वासाच्या तक्रारीतला एक तरी पेशंट परत आला का? सगळा दोष बिचाऱ्या झाडाचा होता!"

तिने हातमोजे काढून टेबलावर टाकले.

"सगळा नाही. त्या अख्ख्या गर्दीत एका माणसाच्या तोंडाला खरोखरच वास होता. पोस्टमास्तरांच्या! मोठ्या मुश्किलीने मी त्यांना हिरड्यांच्या इलाजासाठी तयार केलं होतं."

"मग?"

"मग काय! आता ते म्हणतात, गल्लीसमोर सिद्ध झालंय, वास झाडाचा होता! खुर्चीत बसायलाच तयार नाहीत. अहो, एवढ्या साथीत माझ्या हाती एकच खरा पेशंट लागला होता, तोही तुमच्या अमृतेने निर्दोष सोडला!"

एवढ्यात बाहेरून पोस्टमास्तरांची हाक आली. हल्ली ते रोज येतात, माझ्याशेजारी बाकावर बसतात आणि अगदी तोंडाजवळ तोंड आणून तासभर गप्पा मारतात. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मास्क वर ओढला आणि म्हणाली,

"जा! त्यांना गल्लीत दुसरं कोणी शेजारी बसू देत नाही."